झीज कुठून सुरू होते? कार्बाइड कोटिंगवरचं भोसरीतलं काम

सिलिका वाळू धुणाऱ्या पंपाच्या शाफ्टवरची स्लीव्ह (शाफ्टला झिजेपासून वाचवणारी नळी) जास्त काळ टिकवायची, एवढंच मागणं होतं. पंप सिंधुदुर्गातले, आणि स्लीव्हवरचं टंगस्टन कार्बाइडचं कोटिंग भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमधलं. ऑर्डरवर अट ११०० एचव्ही (विकर्स मापातल्या) काठिण्याची. आमच्या रिपोर्टमधला आकडा कायम १२०० च्या वर. सच्छिद्रता १ टक्क्याच्या आत. तरीही हंगाम निम्म्यावर येईतो ग्लँड पॅकिंगखाली (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या मऊ भरावाखाली) गोल चऱ्या पडलेल्या असायच्या, बोट फिरवलं तरी जाणवाव्यात इतक्या, आणि ग्लँडमधून पाण्याची धार लागलेली.

पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, म्हणणं सरळ होतं: कडकपणा आणखी वाढवा. आमच्या मालकांनाही ते पटलं होतं. मला पटत नव्हतं. वाळूतलं क्वार्ट्झ साधारण १००० ते १२०० एचव्हीचं, म्हणजे आपल्या कोटिंगच्याच तोडीचं. पण कोटिंगचा हा आकडा सरासरी आहे. त्यातला कार्बाइडचा कण २००० च्या वर असतो आणि त्या कणांना धरून ठेवणारा कोबाल्ट-क्रोमचा बाइंडर त्याच्या कितीतरी खाली. वाळूचा दाणा सरासरीशी भांडत नाही. जिथे मऊ जागा सापडेल तिथे शिरतो. त्यामुळे सरासरी १०० ने वाढवून काय हाती लागणार होतं, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. टर्निंग शॉपमध्ये ज्याला आपण विडिया म्हणतो, ते टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टचं मिश्रण. कार्ल श्रॉटर यांनी जर्मनीत १९२३ च्या सुमारास ते शोधलं. विडियाचा इन्सर्ट भट्टीत तासन् तास सिंटर होतो, म्हणजे पावडर तापून एकजीव होते. कार्बाइड आणि कोबाल्टची सोयरीक तिथे सावकाश जमते. आमच्याकडे तेच कुटुंब, ८६ टक्के टंगस्टन कार्बाइड, १० टक्के कोबाल्ट, ४ टक्के क्रोमियम, पावडरच्या रूपात एचव्हीओएफ गनमधून (अतिवेगवान ज्योतीच्या फवारणी गनमधून) जातं. रॉकेल आणि ऑक्सिजन गनच्या चेंबरमध्ये दाबाखाली जळतात, ज्योत २८०० अंशांच्या आसपास पोचते, पावडरचा कण सेकंदाला ६००-७०० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने स्लीव्हवर आदळून चपटा होतो. ज्योतीतला त्याचा मुक्काम काही मिलिसेकंदांचा. भट्टीला जे तासांत जमतं ते इथे डोळ्याची पापणी लवायच्या आत साधायचं असतं, आणि जे बिघडायचं तेही तेवढ्यातच बिघडतं.

आधी झिजलेली स्लीव्ह कापून बघू, असा मी आग्रह धरला. पुण्यात पैसे भरून एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी आतली स्फटिकं ओळखणं) करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यामुळे यंत्राची अडचण नव्हती. अडचण असते नमुन्याची. कोटिंगचा तुकडा कापताना डायमंड ब्लेड कोटिंगच्या बाजूने आत आणि पोलादाच्या बाजूने बाहेर निघायला हवं; उलट कापलं तर कोटिंग उचकटतं आणि मग फोटोत दिसणारी भेग पंपातली की कटिंगमधली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. माउंटिंग मी व्हॅक्यूमखाली पातळ इपॉक्सी भरून करून घेतलं, कारण घाईत पॉलिश केलेल्या नमुन्यात कार्बाइडचे कण उपटून निघतात आणि ते खड्डे सच्छिद्रता म्हणून मोजले जातात. या कामात मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे. चुकीच्या पॉलिशिंगवरून चांगलं कोटिंग नापास होताना मी पाहिलं आहे, आणि खरी छिद्रं पॉलिशिंगच्या मळाने बुजून वाईट कोटिंग पास होतानाही.

एसईएमखाली चरीत दोन गोष्टी दिसल्या. एक अपेक्षित होती. कार्बाइडच्या कणांमधला बाइंडर खरवडून निघालेला, कण वर उभे राहिलेले, आणि मधेमधे रिकामी घरं. जुन्या वाड्याच्या भिंतीत सांध्यातली माती वाहून गेली की दगड कितीही टणक असला तरी हाताने हलतो, तसं. दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. काही ठिकाणी कण एकेक करून गेलेच नव्हते. चपट्या झालेल्या कणांचे, म्हणजे स्प्लॅटचे, थरच्या थर कडेने सुटून निघाले होते. त्या जागी तुटलेला पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. बाइंडर झिजला नव्हता, फुटला होता. धातू असा फुटत नाही.

एक्सआरडीने त्याचं कारण दिलं. टंगस्टन कार्बाइडची ओळखीची शिखरं होतीच, पण ३९.५ अंशांच्या जवळ डायटंगस्टन कार्बाइडचं शिखर ठसठशीत उभं होतं, आणि त्याखाली एक पसरट फुगवटा. कण ज्योतीत गरजेपेक्षा जास्त तापला की कार्बाइड वितळलेल्या कोबाल्टमध्ये विरघळायला लागतं. त्यातला काही कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून उडून जातो. मग कण स्लीव्हवर आदळून झटक्यात थंड होतो तेव्हा कार्बनाला मुकलेलं डायटंगस्टन कार्बाइड तयार होतं आणि बाइंडर स्फटिकरूप न घेता टंगस्टन-कार्बनने भरलेल्या काचेसारखा गोठतो; तो पसरट फुगवटा त्याचाच. हे सगळं कडक असतं. म्हणूनच आमचा काठिण्याचा आकडा देखणा होता! आणि हे सगळं ठिसूळ असतं. ज्या आकड्यावर पार्टी खूश होती, त्यातला काही हिस्सा याच बिघाडातून आलेला होता.

हे मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा मालकांनी एकच प्रश्न विचारला: गरम का मारतोय आपण? उत्तर आमच्या बूथवरच्या ज्येष्ठ ऑपरेटरने दिलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. गनच्या आवाजावरून फीडर अडकायला लागलाय हे त्यांना गेजच्या आधी कळतं. काका म्हणाले, “ताई, थंड मारलं तर पावडर चिकटत नाही. अर्धी फिल्टरमध्ये जाते.” खरं होतं. किलोला काही हजार रुपये पडणारी पावडर. एचव्हीओएफमध्ये तशीही तिच्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त वाया जाते. सेटिंग वर्षानुवर्षं हळूहळू गरमकडे सरकलं होतं, कारण प्रत्येक वेळी थोडी जास्त पावडर जॉबवर बसत होती. त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. मोजमाप फक्त बसलेल्या थराचं आणि काठिण्याचं होत होतं, आणि दोन्ही आकडे सुधारतच होते.

चाचण्यांची आखणी हा पुण्यात आवडीचा विषय. इथल्या एम.टेक.च्या प्रबंधांत तागुचीची एल-९ सारणी हमखास भेटते: चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, नऊ प्रयोग. मीही तिथूनच सुरुवात करणार होते. पण ही सारणी घटक एकमेकांत गुंतलेले नाहीत असं धरून चालते, आणि इथे ते घट्ट गुंतलेले आहेत. ऑक्सिजन आणि रॉकेल यांचं प्रमाण ज्योतीचं तापमान ठरवतं. दोन्हींची एकूण मात्रा चेंबरचा दाब ठरवते आणि दाब कणाचा वेग. लांब बॅरल घेतली की कणाला वेग मिळतो, पण तो तापतोही जास्त वेळ. गन आणि जॉबमधलं अंतर वाढवलं की भोवतालची हवा ज्योतीत शिरते, कमी केलं की स्लीव्हच तापते. एक खुंटी फिरवली की दोन सूर बदलतात. म्हणून सारणी बाजूला ठेवून मी एकच प्रश्न धरला: कणाचा वेग कमी न होऊ देता त्याचं तापमान कसं उतरवायचं?

वाट निघाली ती अशी. चेंबरचा दाब वाढवला, म्हणजे दोन्ही प्रवाह वाढवले. प्रमाण ज्योत सर्वांत जास्त तापते त्या बिंदूपासून दूर नेलं. बॅरल आखूड घेतली. फीड रेट उतरवला, जेणेकरून एका पासात जाड थर बसू नये. अंतर ३५० मिलिमीटरच्या आसपास ठेवलं आणि स्लीव्हवर दोन्ही बाजूंनी हवेचे झोत लावले, तापमान १५० अंशांच्या वर जाऊ नये म्हणून. प्रत्येक सेटिंगला बाजूला अल्मेन पट्टी लावायची: कोटिंग बसल्यावर पट्टी कुठल्या बाजूला वाकते त्यावरून आतला ताण दाबाचा की ओढीचा ते कळतं. वेगाने आदळणारे कण आधीच्या थराला ठोकून घट्ट करतात, आणि दाबाचा ताण असलेल्या कोटिंगमध्ये भेग सहज पसरत नाही. स्वस्तातली आणि प्रामाणिक चाचणी आहे. ती करायचा कंटाळा करू नये असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

पावडरचा प्रश्न वेगळा. आतापर्यंत वापरातल्या पावडरमध्ये कार्बाइडचे कण २ ते ४ मायक्रॉनचे होते. कण बारीक केले तर त्यांच्यामधल्या बाइंडरची जागा अरुंद होते, आणि वाळूच्या दाण्याच्या टोकाला खरवडायला वावच राहत नाही. म्हणजे बारीक कार्बाइड चांगलं. पण बारीक कणाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो बाइंडरमध्ये विरघळतोही लवकर. आम्ही दोन्ही पावडरी, जाड कार्बाइडची आणि १ मायक्रॉनच्या आसपासची, जुन्या गरम सेटिंगवर आणि नव्या सेटिंगवर मारून पाहिल्या. जुन्या सेटिंगवर बारीक पावडरने सगळ्यात मोठं काठिण्य दिलं आणि एक्सआरडीत सगळ्यात उंच डायटंगस्टनचं शिखर दिलं. फक्त पावडर बदलून काम भागेल अशी आशा विक्रेत्याने दाखवली होती, ती इथेच संपली.

मधेच पावसाळा लागला. जुलैत भोसरीची हवा इतकी ओली असते की उघड्या डब्यातली पावडर फीडरमध्ये गुठळ्या धरते, प्रवाह धडधडत येतो आणि कोटिंगमध्ये न वितळलेले कण अडकतात. पावडर ओव्हनमध्ये १०० अंशांच्या वर सुकवून गरम असतानाच भरायची, आणि ग्रिट ब्लास्टिंग केलेली (कणांच्या माऱ्याने खरखरीत केलेली) स्लीव्ह ताबडतोब बूथमध्ये घ्यायची, हा नियम काकांनी स्वतः फळ्यावर लिहिला. ब्लास्ट केलेलं पोलाद ओल्या हवेत थोडा वेळ जरी उघडं राहिलं तरी त्यावर गंजाचा पहिला श्वास बसतो, डोळ्यांना दिसायच्या आधी. कोटिंगची पकड तिथेच जाते.

झीज मोजण्यासाठी एएसटीएम जी-६५ ही प्रमाण चाचणी निवडली, कोरडी वाळू आणि रबरी चाक. चाकाच्या आणि नमुन्याच्या मध्ये गोल दाण्याची ५०/७० चाळणीची सिलिका वाळू सतत पडत राहते, चाक १३० न्यूटनने दाबलेलं असतं, मिनिटाला २०० फेरे घेतं. आमच्या बाबतीत ही चाचणी निव्वळ औपचारिक नव्हती. ग्लँडमध्ये नेमकं हेच घडतं: मऊ पॅकिंगमध्ये वाळूचे दाणे रुततात आणि फिरत्या स्लीव्हवर दाबले जातात. रबराच्या जागी पॅकिंग, एवढाच फरक, शिवाय पाणी. निकाल नेहमी घनफळात मांडायचा, वजनात नाही. हे कोटिंग घनतेला १४ च्या जवळ, पोलाद ७.८, वजनाने तुलना केली तर कोटिंगवर अन्याय होतो. सोबत डी-२ टूल स्टीलचा संदर्भ नमुना चालवायचा, म्हणजे रबर जुनं झालं किंवा वाळू ओली असली तर लगेच कळतं.

नव्या सेटिंगवरच्या बारीक पावडरने सगळ्यांत कमी झीज दाखवली, आणि फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. त्याच नमुन्याचं काठिण्य जुन्या कोटिंगपेक्षा थोडं कमी भरलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी पार्टीच्या खरेदी विभागाला पाठवले तेव्हा पहिला फोन काठिण्य कमी का झालं हे विचारायला आला. मला राग आला नाही. त्यांच्या हातात इतकी वर्षं तोच एक आकडा दिला गेला होता. मी त्यांना ५ किलो भाराने उठवलेल्या विकर्स ठशांचे फोटो पाठवले. जुन्या कोटिंगमध्ये ठशाच्या कोपऱ्यांतून पृष्ठभागाला समांतर लांब भेगा धावलेल्या, नव्यात त्या आखूड किंवा नाहीतच. फोटो बघितल्यावर त्यांच्या मेंटेनन्सच्या माणसाने चर्चा स्वतःकडे घेतली, आणि मग बोलणं सोपं झालं.

आणखी एक सवय आम्ही तेव्हा लावून घेतली. ३०० ग्रॅम भाराने दहा ठसे घ्यायचे आणि सरासरीआधी सगळ्यात खालचे दोन-तीन आकडे बघायचे. दोन कोटिंगची सरासरी एकच असू शकते. ज्यात मधेच ८०० सापडतो ते कोटिंग तिथूनच चिरणार.

इथे काम संपलं असं वाटत असतानाच पहिल्या नव्या स्लीव्ह फिनिश होऊन आल्या, आणि डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारल्यावर त्यांच्यावर बारीक लाल रेषांचं जाळं उमटलं. स्लीव्हच्या लांबीला समांतर, सरळ. या भेगा गनच्या नव्हत्या. ग्राइंडिंग बाहेरून जॉबवर्कवर करून घेतलं जात होतं, आणि तिथे वेळ वाचवण्यासाठी एका फेरीत जास्त काप घेतला जात होता, तोही सिलिकॉन कार्बाइडच्या हिरव्या चाकाने. कोटिंग तापलं, आणि जो दाबाचा ताण आम्ही मेहनतीने आत साठवला होता तो वरच्या थरात उलटा झाला. कोटिंगचा अर्धा दर्जा ग्राइंडिंगमध्ये ठरतो असं मी म्हणते तेव्हा स्प्रेवाले नाराज होतात. पण त्या रेषा पाहिल्यावर आमच्याकडे कुणी वाद घातला नाही. झिजलेल्या जुन्या स्लीव्हचे फोटो मी पुन्हा उघडले. चरींची सुरुवात कित्येक ठिकाणी अशाच सरळ रेषेपासून झालेली होती.

ग्राइंडिंग आम्ही आत आणलं. रेझिन बाँडचं डायमंड चाक, एका फेरीत काही मायक्रॉनच, भरपूर कूलंट, आणि शेवटी काप न वाढवता चाक नुसतं फिरू द्यायचं. कूलंट कोबाल्टला न विरघळवणारं हवं. साधं कूलंट बाइंडर पृष्ठभागावरून खात राहतं आणि वाळूचं काम आधीच करून ठेवतं. त्यानंतर डायमंड टेपने घासून खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या आत. पॅकिंगला गुळगुळीत स्लीव्ह लागते, नाहीतर पॅकिंग लवकर जातं, माणूस ग्लँड आणखी आवळतो आणि वाळूवरचा दाब वाढतो.

ग्लँडचं निघालंच म्हणून सांगते. स्लीव्ह बसवताना मी स्वतः सिंधुदुर्गात गेले होते. लँटर्न रिंगला (पॅकिंगच्या मधे पाणी सोडणाऱ्या रिंगला) स्वच्छ पाण्याची लाइन होती, पण तिचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा. स्वच्छ पाण्याचा दाब स्टफिंग बॉक्समधल्या (पॅकिंग बसतं त्या पोकळीतल्या) दाबापेक्षा जास्त हवा, तरच वाळू बाहेर ढकलली जाते. कमी असेल तर वाळू पॅकिंगमध्ये येऊन बसते. कोटिंग कितीही चांगलं असलं तरी पॅकिंग वाळूने भरलं तर ते झिजणारच, फक्त सावकाश. तिथल्या फिटरने ते ऐकून त्याच दिवशी लाइनवर प्रेशर गेज लावलं. त्यामुळे नंतर आलेल्या सुधारणेतला किती वाटा कोटिंगचा आणि किती पाण्याचा, हे मी आकड्यात सांगणार नाही. पण गेज न लावलेल्या एका जुन्या पंपावरही नव्या स्लीव्हने हंगाम काढला, आणि ती काढून आणली तेव्हा पॅकिंगखालचा पट्टा घासलेला होता, चरलेला नव्हता.

आता टेस्ट सर्टिफिकेटवर काठिण्याशेजारी जी-६५ ची घनफळातली झीज, अल्मेनचा निकाल आणि डाय पेनिट्रंटचा शेरा असतो. पावडरचा खर्च वाढला आहे. मालकांनी तो दरात धरला आणि पार्टीने कुरकुरत का होईना, मान्य केला. पुढचं काम त्याच पंपाच्या इम्पेलरचं (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाचं) आहे. तिथे वाळू दाबली जात नाही, आदळते, आणि काही जागी जवळपास काटकोनात. तिरक्या माऱ्याला कार्बाइड कोटिंग उत्तम टिकतं, काटकोनातल्या माऱ्याला त्याचा ठिसूळपणा आड येतो. शिवाय इम्पेलरच्या पात्यांच्या आत गनला हवा तो कोन मिळत नाही. ४५ अंशांच्या खाली गेलं की कोटिंग पोकळ बसतं. म्हणून सध्या काका आणि मी पुठ्ठ्याचा इम्पेलर करून गनचा मार्ग आखतो आहोत, आणि कुठली पाती कोटिंगविनाच सोडावी लागतील याची यादी करतो आहोत.